दिनविशेष : २४ ऑगस्ट २००७ – सोफी लँकेस्टरचा मृत्यू

इंग्लंडमधील बेकपच्या बागेत ११ ऑगस्टच्या पहाटे पोरांच्या टोळक्याने सोफीच्या मित्राला बेदम मारले. त्याला वाचवायला गेलेल्या सोफीलाही सोडले नाही. दोघांचा ‘गॉथ’ वेश (काळे कपडे, गडद रंगभूषा), एवढेच कारण. २० वर्षांची सोफी २४ ऑगस्टला गेली. टोळक्यातले दोघे खुनी ठरले. न्यायाधीशांनी हा द्वेषमूलक गुन्हाच म्हटला. आई सिल्व्हिया यांनी सोफीच्या नावे संस्था काढून शाळांतून पूर्वग्रहांविरुद्ध काम उभे केले. २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टर पोलिसांनी अशा वेशावरून होणाऱ्या हल्ल्यांची द्वेषगुन्हे म्हणून नोंद सुरू केली.

यावर आक्षेप असा, की वंश बदलता येत नाही, कपडे येतात. मग वेगळी नोंद कशाला? पण धर्मही बदलता येतो, तरी कायदा त्याला संरक्षण देतोच. (कपडे बदला, हा सल्ला नेहमी मार खाणाऱ्यालाच मिळतो!) मारणाऱ्यांनी वेश पाहून सावज निवडले, म्हणून धाक तसा वेश करणाऱ्या प्रत्येकाला बसतो. साध्या मारामारीत हे नसते. तरीही द्वेषगुन्ह्यांना वाढीव शिक्षा देणाऱ्या तिथल्या कायद्यात वंश, धर्म, अपंगत्व, लैंगिक कल आणि लिंगओळख आहेत. गॉथ, पंक यांसारखे गट नाहीत.