स्प्रिंगला लगाम घालणारे तेल

जव्हारहून मोखाडा, तिथून खोडाळा आणि पुढे सूर्यमाळचे पठार हा सगळा रस्ता चढ-उतारांचा आणि वळणांचा. या भागात पाऊस जोरदार पडतो आणि पावसाबरोबर रस्त्यांवर खड्डेही येतात. इथल्या आश्रमशाळांमधील आणि जिल्हा परिषदेच्या शाळांमधील कितीतरी शिक्षकांची भिस्त मोटारसायकलवर असते. गाडी जुनी असली तरी इंजिनातले तेल वेळेवर बदलले जाते, साखळीला वंगण मिळते. मात्र पुढच्या शॉकअपमध्येही तेल असते आणि तेही बदलावे लागते, याची आठवण बहुधा ते गळू लागल्यावरच होते. चाकाला उसळी देण्याचे काम तर स्प्रिंग करते. मग हे तेल तिथे कशासाठी? मोटारसायकलच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडायला पाव शतकाहून अधिक काळ लागला.

आधी स्प्रिंग, मग घर्षण

पहिल्या मोटारसायकली म्हणजे इंजिन बसवलेल्या सायकलीच होत्या. पुढचा फोर्क ताठ असे आणि प्रत्येक धक्का थेट मनगटात येई. वेग वाढला तशी स्प्रिंग आली. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी 1908 मध्ये आणलेल्या मोटारसायकलला नळीत नळी सरकणारा, म्हणजे दुर्बिणीसारखा (टेलिस्कोपिक) फोर्क होता. त्यात स्प्रिंग होती, पण तिला आवर घालणारे तेल नव्हते.

पुढे बराच काळ बहुतेक कंपन्यांनी ‘गर्डर’ फोर्क वापरला. यात चाक धरणारी एक चौकट छोट्या दुव्यांनी गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असे आणि मध्ये एक स्प्रिंग असे. स्प्रिंगचे हेलकावे थांबवण्यासाठी दुव्यांच्या सांध्यावर घर्षणाच्या चकत्या बसवत. चालक हाताने मूठ फिरवून त्या घट्ट किंवा सैल करी. या योजनेतला दोष आपल्या पाठ्यपुस्तकातल्या एका वाक्यात आहे: कोरडे घर्षण वेगावर फारसे अवलंबून नसते. चकत्या घट्ट केल्या, तर लहान खडीवर फोर्क हलतच नसे. सैल केल्या, तर मोठ्या खड्ड्यानंतर गाडी डोलत राही.

तेल आले

1935 मध्ये जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने आर-12 आणि आर-17 या गाड्यांना तेलाने अवमंदन करणारा टेलिस्कोपिक फोर्क दिला. नळी आत सरकली की तेल लहान छिद्रांतून ढकलले जाते. छिद्रातून द्रव नेताना होणारा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला, तर विरोध चौपट होतो. त्यामुळे सावकाश हालचालीला फोर्क मोकळा राहतो आणि जोराच्या हालचालीला तोच आवर घालतो. घर्षणाच्या चकत्यांना हे जमत नव्हते. शिवाय बऱ्याच फोर्कमध्ये नळी बाहेर येताना, म्हणजे स्प्रिंग उसळताना, विरोध अधिक ठेवलेला असतो.

1941 मध्ये मॅचलेस कंपनीने ब्रिटिश सैन्यासाठीच्या जी-3एल गाडीला असाच फोर्क बसवला. महायुद्धानंतर तो सर्वत्र पसरला. 1955 मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि बुलेटबरोबर हा फोर्क भारतीय रस्त्यांवर रुळला. त्याचा एक दोष राहिला: ब्रेक लावताच गाडीचे नाक खाली जाते. तो टाळण्यासाठी बीएमडब्ल्यूने 1955 ते 1969 या काळात ‘अर्ल्स’ नावाचा वेगळा फोर्क वापरून पाहिला. पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणाऱ्या बजाजच्या स्कूटरचे पुढचे चाकही टेलिस्कोपिक फोर्कवर नव्हे, तर एका बाजूच्या आखूड भुजेवर असे. पण हलका आणि साधा टेलिस्कोपिक फोर्कच टिकला. 1984 ते 1986 या काळात आलेल्या इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स-100 आणि कावासाकी बजाज या गाड्यांनी तो गावोगाव पोहोचवला.

आकड्यांत पाहू

समजा, पुढच्या स्प्रिंगांवर 100 किलो वस्तुमान आहे आणि दोन्ही स्प्रिंगांचा मिळून स्थिरांक 10,000 न्यूटन प्रति मीटर आहे. दोलनकालाच्या सूत्राने एका दोलनाला सुमारे 0.63 सेकंद लागतात. ताशी 36 किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला 10 मीटर, जाणारी गाडी तेवढ्यात 6 मीटरहून पुढे जाते. तेल निकामी झालेल्या शॉकअपने एका खड्ड्यानंतर पाच हेलकावे घेतले, तर गाडी तोवर 30 मीटर पुढे गेलेली असते. या काळात रस्त्यावरचा टायरचा दाब कमी-जास्त होत राहतो. दाब कमी असताना ब्रेक दाबला की चाक घसरते. घाटाच्या उतारावर 30 मीटर म्हणजे एक पुरे वळण असू शकते.

खड्ड्यात स्प्रिंग 5 सेंटिमीटर दबली, तर तिच्यात 12.5 ज्यूल ऊर्जा साठते. ऊर्जा अगदी थोडी आहे, पण ती उष्णतेत बदलून टाकली नाही, तर स्प्रिंग ती परत करत राहते. स्प्रिंग धक्का साठवते आणि तेल तो खर्च करते.

जुन्या गाडीची निगा

काही वर्षांत या तेलात धातूची कीस आणि पाणी मिसळते, त्याचा दाटपणा बदलतो. गाडी उभी करून पुढचा ब्रेक दाबावा, हँडल जोराने खाली दाबून सोडावे. फोर्क वर येऊन लगेच स्थिरावला, तर ठीक. डोलत राहिला, तर तेल पाहायला हवे. अनेक जुन्या गाड्यांत तळाशी तेल काढण्याचा लहान स्क्रू असतो. वरचे बूच स्प्रिंगच्या दाबाखाली असते, म्हणून पुढचे चाक अधांतरी राहील असा भक्कम आधार दिल्याशिवाय ते उघडू नये.

नवे तेल गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचे आणि मापाचे हवे. दोन्ही बाजूंना ते सारखेच भरावे. शाळेच्या प्रयोगशाळेतील मोजपात्र इथे उत्तम. तेलावरची कोंडलेली हवाही स्प्रिंगसारखी वागते. तेल जास्त झाले की हवेची जागा घटते आणि फोर्क शेवटी कडक होतो. बसलेली स्प्रिंग झाकण्यासाठी दाट तेल घालण्याची पद्धत चुकीची आहे. दाट तेल हालचाल मंद करते, वजन पेलत नाही. उलट लहान खडीवर हाताला हादरे बसतात. स्प्रिंग काढून तिची लांबी पुस्तिकेतील मर्यादेशी ताडावी. चालक बसल्यावर फोर्क आपल्या एकूण चालीच्या पाव ते एक-तृतीयांश दबलेला असावा.

पावसाळ्यात नळीवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसावा. नळीवर गंजाचे खड्डे पडले, तर ते नव्या सीललाही कापतात. तेव्हा केवळ सील बदलून भागत नाही. गळणारे तेल ब्रेकपर्यंत पोहोचले, तर धोका दुहेरी होतो.

वर्गात दाखवण्यासाठी स्प्रिंगला वजन टांगून त्याची दोलने मोजावीत. मग वजनाखाली पत्र्याची चकती जोडून ती पाण्यात आणि नंतर गोड्या तेलात बुडवून पुन्हा मोजावीत. दोलने किती कमी झाली याचा तक्ता विद्यार्थ्यांनीच करावा. त्यानंतर शाळेच्या अंगणातली एखादी मोटारसायकल दाबून पाहिली, की तिच्या शॉकअपमधले तेल तपासायला हवे की नाही, हे तेच सांगू शकतील.