वैद्यकीय प्रशासकीय साहाय्यकाचे प्रशिक्षण

दवाखान्यातील किंवा रुग्णालयातील रुग्णनोंदणी, भेटींच्या वेळा, कागदपत्रे, विम्याची पडताळणी आणि बिले ही कामे पाहणाऱ्या कर्मचाऱ्यासाठीचे व्यवसायशिक्षण. अमेरिकेत या पदाला मेडिकल अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह असिस्टंट म्हणतात. तेथील शासकीय व्यवसाय-वर्गीकरणात वैद्यकीय सचिव आणि प्रशासकीय साहाय्यक यांचा ४३-६०१३ या एकाच क्रमांकाखाली समावेश होतो. रक्तदाब मोजणारा, रक्ताचा नमुना घेणारा मेडिकल असिस्टंट वेगळा आणि त्याचा अभ्यासक्रमही वेगळा. प्रशासकीय साहाय्यकाचा रुग्णाच्या उपचाराशी थेट संबंध येत नाही; पण त्याने काउंटरवर टिपलेली माहिती चुकली, तर तपासणी होऊनही डॉक्टरांचे पैसे अडकतात किंवा एकाचा अहवाल दुसऱ्याच्या फायलीत जातो. त्यामुळे या शिक्षणात फोन घेणे आणि टंकलेखन यांपेक्षा पडताळणीला जास्त महत्त्व असते.

पार्श्वभूमी : डॉक्टरांची पत्रे टाइप करणारी आणि वेळा देणारी सचिव अमेरिकेत फार पूर्वीपासून होती. तिचे काम गुंतागुंतीचे झाले ते प्रामुख्याने विम्यामुळे. १९२९ मध्ये डॅलस येथील बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाने शिक्षकांसाठी एक योजना काढली. महिना ५० सेंट भरले, की वर्षाला २१ दिवसांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळत. ब्लू क्रॉस विम्याचे मूळ या योजनेत आहे. ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वृद्धांसाठीच्या मेडिकेअर आणि गरिबांसाठीच्या मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर सही केली. रुग्ण, डॉक्टर आणि पैसे देणारा तिसरा पक्ष असा व्यवहार त्यानंतर सर्वत्र रूढ झाला. १९६६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने उपचार व तपासण्यांसाठी सीपीटी ही संकेतावली प्रसिद्ध केली. १९९६ च्या हिपा कायद्याने विमा-व्यवहारांच्या इलेक्ट्रॉनिक देवघेवीचे प्रमाणीकरण केले. त्याखालील गोपनीयतेचे नियम एप्रिल २००३ पासून बहुतेक संस्थांना बंधनकारक झाले. २००९ च्या हायटेक कायद्याने डॉक्टरांना संगणकीय नोंदींकडे वळण्यासाठी आर्थिक प्रोत्साहन दिले. यातील प्रत्येक टप्प्याने अभ्यासक्रमात एकेका विषयाची भर घातली.

प्रवेश व कालावधी : या कामासाठी शासकीय परवाना लागत नाही. शालान्त शिक्षण किंवा त्याच्याशी समकक्ष जीईडी परीक्षा एवढी पात्रता सामान्यतः पुरते. पुढे तीन वाटा आहेत : काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंतचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, कम्युनिटी कॉलेजमधील दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि नोकरीत राहून शिकणे. बऱ्याच अभ्यासक्रमांच्या शेवटी एखाद्या दवाखान्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो.

अभ्यासक्रम : वैद्यकीय परिभाषा, वेळापत्रक, नोंदींचे व्यवस्थापन, विमा व बिलिंग, कायदा आणि रुग्णांशी संवाद हे विषय बहुतेक ठिकाणी असतात.

परिभाषेत ग्रीक-लॅटिन धातू, उपसर्ग व प्रत्यय शिकवले जातात. हायपर आणि हायपो यांतील गल्लत उच्च रक्तदाबाची नोंद कमी रक्तदाब अशी करू शकते. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये टाळावयाच्या संक्षेपांची यादी ठरवली. ‘युनिट’साठी हाताने लिहिलेला इंग्रजी यू शून्यासारखा किंवा चारसारखा दिसतो, म्हणून तो त्या यादीत आहे.

वेळा देण्याच्या पद्धतींपैकी एकीत प्रत्येक रुग्णाला स्वतंत्र वेळ मिळते. वेव्ह पद्धतीत तासाच्या सुरुवातीला काही जणांना एकत्र बोलावून आलेल्या क्रमाने पाहिले जाते. फोनवर कोणी छातीत दुखते किंवा श्वास लागतो असे सांगितले, तर पुढच्या आठवड्यातली वेळ द्यायची नाही. ठरलेल्या कार्यपद्धतीनुसार फोन लगेच परिचारिकेकडे द्यायचा किंवा ९११ या आपत्कालीन क्रमांकाला कळवायला सांगायचे. स्वतः औषध किंवा सल्ला द्यायचा नाही, हा नियम विद्यार्थ्यांकडून पक्का करून घेतला जातो.

गोपनीयतेचे नियमही असेच रोजच्या प्रसंगांतून शिकवतात. प्रतीक्षाकक्षात रुग्णाला नावाने हाक मारायला हिपाची आडकाठी नाही आणि आल्याची नोंद करणारी वहीही ठेवता येते. मात्र त्या वहीत येण्याचे कारण दिसता कामा नये. ओळख पटवताना नाव आणि जन्मतारीख असे किमान दोन पुरावे जुळवून घ्यायचे असतात.

विम्याचा दावा : प्रशिक्षणातील सर्वांत किचकट भाग हाच. रुग्ण आला की कार्डावरचा सदस्य क्रमांक, गट क्रमांक आणि रुग्णाने स्वतः भरायची रक्कम पाहून विमा चालू आहे का, याची विचारणा संगणकावरून केली जाते. या विचारणेला २७० आणि तिच्या उत्तराला २७१ हे प्रमाणित क्रमांक आहेत. डॉक्टरांची तपासणी झाल्यावर निदान आणि सेवा यांचे संकेत जुळवतात. गुंतागुंत नसलेल्या टाइप-२ मधुमेहाला ई ११.९ हा निदानसंकेत आहे. जुन्या रुग्णाच्या एका नेहमीच्या भेटीला ९९२१३ हा सेवासंकेत लागतो. निदानासाठी अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम ही संकेतावली वापरात आली. संकेत ठरवण्याचे काम पुष्कळदा प्रशिक्षित कोडर करतो. साहाय्यकाला ते वाचता येणे आणि विसंगती ओळखता येणे अपेक्षित असते.

दवाखान्यांचा दावा कागदावर जातो तेव्हा सीएमएस-१५०० हा फॉर्म लागतो. त्यात ३३ चौकटी असतात. पहिल्या चौकटीलगत विमाधारकाचा क्रमांक, दुसरीत रुग्णाचे नाव, एकविसावीत जास्तीत जास्त १२ निदाने आणि चोविसावीत दिलेल्या सेवांच्या सहा ओळी. कोणती सेवा कोणत्या निदानासाठी दिली, हे प्रत्येक ओळीत अक्षराने दाखवावे लागते. मूळ फॉर्म लाल शाईत छापलेला असतो, कारण वाचणारे यंत्र तो रंग वगळून फक्त भरलेला मजकूर टिपते. काळ्या रंगातली झेरॉक्स मेडिकेअर स्वीकारत नाही. आज बहुतेक दावे ८३७ या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जातात, तरी चौकटींचे तर्कशास्त्र समजावे म्हणून कागदी फॉर्म शिकवला जातो.

मेडिकेअरचा रुग्णक्रमांक हे पडताळणीचे चांगले उदाहरण आहे. पूर्वी तो सामाजिक सुरक्षा क्रमांकावर आधारलेला असल्याने ओळखचोरीचा धोका होता. एप्रिल २०१८ पासून नवी कार्डे धाडण्यात आली. नव्या क्रमांकात अंक आणि इंग्रजी अक्षरे मिळून ११ चिन्हे असतात. त्यांत एस, एल, ओ, आय, बी आणि झेड ही सहा अक्षरे कधीच नसतात, कारण ती अंकांसारखी दिसतात. हे ठाऊक असलेल्या साहाय्यकाला कार्डावर ओ दिसला, तर तो शून्य आहे हे लगेच कळते.

प्रमाणपत्रे : नॅशनल हेल्थकरिअर असोसिएशन या संस्थेचे सीएमएए हे प्रमाणपत्र या क्षेत्रात परिचित आहे. ते दर दोन वर्षांनी १० निरंतर-शिक्षण गुण मिळवून नव्याने घ्यावे लागते. अमेरिकन मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट्स ही संस्था सीएमएएस हे प्रमाणपत्र देते. ही प्रमाणपत्रे खासगी संस्थांची असून ऐच्छिक आहेत. काही मालक त्यांना प्राधान्य देतात, काही अनुभवाला.

खर्च आणि फसवणूक : परवाना नको, शिक्षण थोड्या काळाचे आणि नोकरीची आशा मोठी, यामुळे नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी संस्थांनी या अभ्यासक्रमांत मोठा वाटा घेतला. करिंथियन कॉलेजेस या कंपनीचे प्रकरण गाजले. तिच्या एव्हरेस्ट या शाखांत हा अभ्यासक्रम शिकवला जाई. एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याने, कंपनीच्या हील्ड कॉलेजने नोकरी लागलेल्या विद्यार्थ्यांचे आकडे फुगवल्याबद्दल, सुमारे ३ कोटी डॉलरचा दंड सुनावला आणि महिना संपण्याआधी कंपनीने उरलेल्या सर्व शाखा बंद केल्या. जून २०२२ मध्ये सरकारने कंपनीच्या सर्व अभ्यासक्रमांतील सुमारे ५,६०,००० कर्जदारांचे ५८० कोटी डॉलरचे शिक्षणकर्ज माफ केले. तेच काम कमी खर्चात शिकवणारी कम्युनिटी कॉलेजे देशभर आहेत. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी एकूण खर्च, संस्थेची मान्यता, प्रत्यक्ष कामाची सोय आणि परिसरातील मालक कोणते प्रमाणपत्र मागतात, हे तपासण्याचा सल्ला दिला जातो.

भारतातील स्थिती : या नावाचे एकच पद किंवा एकच अभ्यासक्रम भारतात रूढ नाही. केसपेपर काढणारा कारकून, रिसेप्शनिस्ट, कॅशियर, विम्याचे काम पाहणारा टीपीए डेस्क आणि एमआरडी म्हणजे वैद्यकीय अभिलेख विभाग यांत ते काम विभागलेले आहे. अभिलेखांपुरते पद्धतशीर शिक्षण जुने आहे : नवी दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय आणि पुदुच्चेरीची जिपमेर संस्था येथे वैद्यकीय अभिलेख अधिकारी व तंत्रज्ञ यांचे वर्ग चालतात. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात आरोग्यमाहिती व्यवस्थापन हा मान्य व्यवसायगट आहे.

महाराष्ट्रात या कामाशी सर्वांत जवळचा म्हणजे आरोग्यमित्र. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत तो शिधापत्रिका व ओळखपत्र तपासतो, रुग्णाची नोंदणी करतो आणि पूर्वमंजुरीच्या कागदपत्रांचा पाठपुरावा करतो. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिचे नाव बदलले. या क्षेत्राशी भारताचा दुसरा दुवा रोजगाराचा. अमेरिकी दवाखान्यांची बिले, संकेत-लेखन आणि नाकारलेल्या दाव्यांचा पाठपुरावा ही कामे पुणे, नवी मुंबई, हैदराबाद आणि चेन्नई येथील कंपन्या करतात. विमा कंपन्यांना फोन करणारे एआर कॉलर अमेरिकेच्या दिवसाप्रमाणे रात्रपाळीत बसतात. काउंटरवर चुकलेल्या जन्मतारखेमुळे किंवा संपलेल्या विम्यामुळे अडकलेले दावे त्यांच्यापुढे येतात. त्यामुळे सीएमएस-१५०० च्या चौकटी, निदानसंकेत आणि हिपाचे नियम त्यांनाही शिकावे लागतात.