मल्लांवर रंगवलेली रानफुले : स्थिरचित्र, कर्तृत्व आणि ‘साधेपणा’चा इतिहास

१

नेदरलँड्समधील ओटर्लो येथील क्रोलर-म्यूलर संग्रहालयाने १९७४ मध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या नावावरील एक स्थिरचित्र विकत घेतले. चित्राचा विषय म्हणजे पात्रात भरलेली शेतातली फुले आणि गुलाब. वरकरणी हा विषय अगदी किरकोळ आहे, परंतु या चित्राचा पुढील चार दशकांचा इतिहास किरकोळ म्हणता येणार नाही. चित्राविषयीच्या शंका वाढत गेल्या. कॅनव्हासचा सुमारे १०० × ८० सेंटिमीटर हा आकार व्हॅन गॉगच्या पॅरिसमधील पुष्पचित्रांच्या मानाने फार मोठा होता. स्वाक्षरी वरच्या उजव्या कोपऱ्यात होती आणि हे स्थान त्याच्या सवयीत बसत नव्हते. शिवाय फुलांची इतकी दाटी त्याच्या ‘साध्या’ प्रकृतीला परकी वाटत होती. १९९८ मध्ये क्ष-किरणांनी फुलांच्या थराखाली दोन मल्लांच्या अस्पष्ट आकृती दाखवल्या. तरीही संशय फिटला नाही, आणि २००३ मध्ये चित्र अनामिक चित्रकाराच्या खाती जमा झाले.

मार्च २०१२ मध्ये हा निर्णय फिरला. रंगद्रव्यांतील मूलद्रव्यांचा नकाशा काढणाऱ्या क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या तंत्राने खालचे मल्ल अधिक स्पष्ट दिसू लागले. त्यांच्या कमरेला वस्त्र होते. नग्न मॉडेलला कटिवस्त्र नेसवण्याची प्रथा अँटवर्पच्या अकादमीत होती. पॅरिसच्या चित्रशाळांत ती नव्हती. कॅनव्हासचा आकारही त्या अकादमीतील आकृतिचित्रणाच्या प्रमाण आकाराशी जुळत होता. जानेवारी १८८६ मध्ये याच अकादमीत शिकत असताना व्हॅन गॉगने भाऊ थिओ यास दोन मल्लांच्या उघड्या धडांचे मोठे चित्र केल्याचे पत्राने कळवले होते. फेब्रुवारीअखेर तो पॅरिसला गेला. तेथे, पैशाच्या टंचाईत, त्याच कॅनव्हासवर फुले रंगवली गेली. चित्राला त्याच्या कर्त्याचे नाव परत मिळाले.

२

साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने या प्रकरणात रोचक रहस्यकथेपेक्षा अधिक काही आहे. मिशेल फुको याने १९६९ मधील ‘लेखक म्हणजे काय?’ या व्याख्यानात संत जेरोमच्या कसोट्यांचा दाखला दिला होता. एकाच नावावर असलेल्या ग्रंथांपैकी कोणते खरोखर त्या लेखकाचे, हे ठरवताना जेरोम चार गोष्टी पाहतो : गुणवत्तेची समान पातळी, विचारांतील सुसंगती, शैलीची एकरूपता आणि ऐतिहासिक काळाशी मेळ. आधुनिक समीक्षा ‘लेखक’ ही कोटी याच पद्धतीने घडवते, असा फुकोचा निष्कर्ष आहे. ओटर्लोच्या चित्राला २००३ मध्ये नाकारले ते मुख्यतः शैलीच्या एकरूपतेच्या नावाने, आणि २०१२ मध्ये स्वीकारले ते ऐतिहासिक मेळाच्या आधारे. या दोन निर्णयांच्या दरम्यान कॅनव्हासवरचे एकही फूल बदलले नव्हते. बदलले ते त्यांच्या मागे उभे राहणारे नाव.

परंतु फुकोच्या विवेचनात न येणारी आणखी एक बाब येथे आहे. फुलांना त्यांचा कर्ता मिळवून दिला तो फुलांनी नव्हे, तर त्यांच्याखाली गाडल्या गेलेल्या मानवाकृतींनी. या घटनेमागे युरोपीय कलाविचारातील एक जुनी उतरंड आहे. आंद्रे फेलिबियाँ याने फ्रेंच अकादमीतील १६६७ च्या व्याख्यानांना लिहिलेल्या प्रस्तावनेत चित्रप्रकारांची श्रेणी लावून दिली. फळे, फुले, शिंपले रंगवणारा सर्वांत खाली. त्याच्या वर निसर्गदृश्यकार. मृत वस्तू रंगवणाऱ्यापेक्षा जिवंत प्राणी रंगवणारा श्रेष्ठ. त्याहून वर मनुष्याकृती. आणि शिखरावर इतिहासकाराप्रमाणे थोर कृत्ये किंवा कवीप्रमाणे रम्य कथा रंगवणारा. या श्रेणीचे माप साहित्याकडून उसने आणलेले आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. ज्या चित्रामागे संहिता आहे ते मोठे. ज्याच्या मागे सांगण्यासारखे काही नाही ते लहान. पात्रातल्या फुलांना कथा नाही, म्हणून त्यांचे स्थान तळाशी.

व्हॅन गॉग या श्रेणीला मानणारा होता की नव्हता, याचे उत्तर सरळ नाही. १८८६ च्या शरद ऋतूत लिव्हन्स या इंग्रज चित्रकारमित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की मॉडेलला द्यायला पैसे नसल्यामुळे पूर्णवेळ आकृतिचित्रण करता आले नाही. त्याऐवजी केवळ फुलांची रंग-अभ्यासचित्रे केली, आणि त्यांतून निळ्या-नारिंगी, तांबड्या-हिरव्या, पिवळ्या-जांभळ्या विरोधांचा शोध घेतला. म्हणजे फुले ही प्रथम तडजोड होती. परंतु कथेचे ओझे नसलेल्या या ‘खालच्या’ प्रकारातच त्याला रंगाचा स्वतंत्र व्याकरणासारखा अभ्यास करता आला. ओटर्लोच्या कॅनव्हासवर फेलिबियाँची उतरंड अक्षरशः उलटी झाली आहे : आकृती तळाला आणि फुले माथ्यावर. मात्र तिला उलटवणारी शक्ती सौंदर्यशास्त्रीय बंडाची नव्हती, दारिद्र्याची होती. त्या दारिद्र्यातून पुढे सौंदर्यशास्त्र घडले.

३

या चित्रातील फुलांना काय म्हणावे, हा प्रश्नही निरुपद्रवी नाही. इंग्रजी शीर्षकात ती ‘कुरणातली फुले’ आहेत. मूळ डच शीर्षकातील शब्द ‘आकरब्लूमन’ असा आहे, आणि ‘आकर’ म्हणजे नांगरटीखालची जमीन. कुरण आणि नांगरट यांतला फरक मोठा आहे. कुरण म्हटले की निसर्गाची मुक्त, निष्पाप प्रतिमा उभी राहते; नांगरट म्हटले की श्रम येतात. वनस्पतींचा इतिहास डच शब्दाच्या बाजूने आहे. त्या वर्षीच्या फुलांच्या यादीत व्हॅन गॉगने तांबडी पॉपी आणि निळे कॉर्नफ्लॉवर यांचा उल्लेख केला आहे. ही दोन्ही पश्चिम युरोपात धान्यशेतीबरोबर पसरलेली तणे होत. बियाण्यात मिसळून ती शेतोशेत गेली आणि दरसालच्या नांगरटीमुळेच टिकली. कॉर्नफ्लॉवरच्या डच, जर्मन व इंग्रजी नावांत ‘धान्य’ हा शब्द आहे. त्याच्या एका जुन्या इंग्रजी नावाचा अर्थ तर ‘विळ्याला इजा करणारे’ असा होतो. शेतकऱ्याच्या लेखी ते सौंदर्य नव्हते, उपद्रव होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तणनाशके आणि स्वच्छ केलेले बियाणे यांमुळे ही फुले युरोपच्या शेतांतून झपाट्याने कमी झाली.

मराठीतील ‘रानफूल’ हा शब्द येथे उपयोगी पडतो. नागर कानाला ‘रान’ म्हणजे जंगल. पण शेतकरी ‘रानात’ जातो तेव्हा तो आपल्या शेतात जातो, आणि ‘रान’ नांगरतोही. माणसाने कसलेली भूमी आणि माणसाच्या हाताबाहेरची भूमी या दोन्ही अर्थांना एकाच शब्दाने धरणारी ही भाषा आकरब्लूमनच्या अधिक जवळ आहे. या अर्थाने रानफूल हे निसर्गाचे चिन्ह नसून शेतीच्या काठावर उरलेल्या गोष्टीचे चिन्ह आहे.

हा भेद थोरल्या यान ब्रूगेलच्या पुष्पचित्रांशेजारी ठेवला म्हणजे स्पष्ट होतो. कार्डिनल फेदेरीको बोर्रोमेओ याच्यासाठी त्याने १६०६ मध्ये केलेले, पात्राच्या पायथ्याशी रत्न, नाणी आणि शिंपले मांडलेले चित्र मिलानच्या आम्ब्रोझियाना संग्रहात आहे. दुर्मीळ फुले प्रत्यक्ष पाहून रंगवण्यासाठी तो ब्रुसेल्सपर्यंत गेला होता, आणि वेगवेगळ्या ऋतूंत फुलणारी फुले तो एकाच पात्रात आणत असे. तेथे फूल ही संपत्ती आहे, आणि नाणी ते उघड सांगतात. रानफुलांच्या चित्राने या संपत्तीकडे पाठ फिरवली, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुस्थिती अशी की साधेपणालाही बाजार सापडला. व्हॅन गॉगने मृत्यूपूर्वी काही आठवडे रंगवलेले डेझी आणि पॉपी यांचे पात्र नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ६ कोटी १८ लाख डॉलरना विकले गेले. शेतकऱ्याने उपटून टाकलेले तण ब्रूगेलच्या रत्नाहून महाग झाले.

४

ही किंमत कशाची? निव्वळ रंगांची नव्हे. व्हॅन गॉगने रंगवलेल्या जोड्यांवरून हायडेगर, मेयर शापिरो आणि देरिदा यांच्यात झालेला वाद येथे आठवणे अपरिहार्य आहे. हायडेगरला त्या जोड्यांत शेतकरी स्त्रीचे जग दिसले. शापिरोने १९६८ मध्ये आक्षेप घेतला की ते जोडे शहरात राहणाऱ्या खुद्द चित्रकाराचे आहेत आणि हायडेगरने आपलेच मन त्यांत ओतले आहे. देरिदाने १९७८ मध्ये विचारले की जोडे कोणाच्या तरी पायांत परत घालण्याची ही घाई दोघांनाही का व्हावी. फुलांबाबतही अशीच घाई होते. फरक इतकाच, की फुले ‘निसर्गाची’ म्हणून ती कोणाची हे विचारायचेच राहून जाते.

ओव्हेरमधील अखेरच्या चित्रांत ही घाई अधिक ठळक होते. जपानमधील हाकोने येथील पोला संग्रहालयात जून १८९० चे, पात्रातील काटेरी थिसल आणि रानटी पाने यांचे एक लहान चित्र आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाच्या जमिनीला मिळालेल्या शापात काटे आहेत. चित्रकार धर्मोपदेशकाचा मुलगा. २९ जुलैला त्याचा अंत झाला. एवढ्या सामग्रीवर दुःखाचे रूपक उभे करणे कठीण नाही. पण त्या जूनच्या मध्यास थिओला लिहिलेल्या पत्रात व्हॅन गॉग रानवनस्पतींच्या एका गुच्छाच्या अभ्यासचित्राविषयी सांगतो ते असे : थिसल, गव्हाच्या ओंब्या आणि तऱ्हेतऱ्हेची पाने, एक जवळजवळ तांबडे, दुसरे गर्द हिरवे, तिसरे पिवळे पडू लागलेले. गव्हाच्या ओंबीशेजारी तण, म्हणजे पुन्हा नांगरटीची जमीनच. शापाचा उल्लेख तेथे नाही. रंगांचा क्रम आहे.

चरित्र बाजूला सारावे, असा याचा अर्थ नव्हे. ओटर्लोचे चित्र चरित्रामुळेच परत मिळाले : एक पत्र, एक अकादमी आणि मल्लांच्या कमरेचे वस्त्र यांच्या आधारे. मात्र त्या चरित्राने फुलांचा अर्थ सांगितला नाही. ती कोणत्या परिस्थितीत रंगवली गेली एवढेच सांगितले. चित्राची परिस्थिती आणि चित्राचा अर्थ यांतील हे अंतर समीक्षेने राखले, तरच पात्रातल्या फुलांना, आणि त्यांच्याखालच्या त्या दोन मल्लांनाही, न्याय मिळेल.