इंकजेट प्रिंटरच्या हेडला वीज कशी मिळते? हेड ड्राइव्ह सर्किटची सोपी ओळख



शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. मागच्या जूनमध्ये, म्हणजे पीक कर्जाचे सातबारे आणि शाळांचे दाखले एकदम निघतात त्या दिवसांत, माझ्या टाकीवाल्या इंकजेट प्रिंटरचे एका आठवड्यात दोन बोर्ड उडाले. पपईच्या तोडणीला जाणारा एक म्हातारा माणूस एका पानासाठी शहाद्याला गेला आणि त्याची दिवसाची मजुरी बुडाली. ते मला फार लागलं. बोर्ड का उडाले हे समजून घ्यायचं म्हणून मी हेडचं सर्किट शिकायला बसलो. जे कळलं ते इथे सोप्या भाषेत लिहितोय. दुकानदार, मिस्त्री आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी मुलं, तिघांनाही उपयोगी पडावं.

हेड नेमकं काय करतं?

हेडच्या खालच्या पट्टीवर केसापेक्षा बारीक भोकांच्या रांगा असतात. प्रत्येक भोक म्हणजे एक नोझल. एका थेंबात काही पिकोलिटर शाई असते. एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लाख कोटीवा भाग. असे हजारो थेंब दर सेकंदाला, प्रत्येक नोझलमधून, ठरलेल्या क्षणीच सुटायला हवेत. एक क्षण इकडेतिकडे झाला की अक्षराची कड फाटते.

शाई स्वतःहून बाहेर पडत नाही. तिला धक्का द्यावा लागतो, आणि तो धक्का विजेने द्यायचा. ही वीज किती व्होल्टची, किती मायक्रोसेकंद आणि कोणत्या नोझलला, हे ठरवणारी जी यंत्रणा असते तिला हेड ड्राइव्ह सर्किट म्हणतात. (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.)

धक्का द्यायच्या दोन पद्धती आहेत: थर्मल आणि पिझो. दोन्हींची सर्किटं पूर्ण वेगळी असतात, त्यामुळे आधी आपला प्रिंटर कोणत्या जातीचा आहे ते ओळखायचं.

थोडा इतिहास

१९७७ मध्ये जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईतून शाई उडाली. त्यातून कॅननचं बबल जेट तंत्र निघालं. त्याच सुमारास अमेरिकेत एचपी कंपनीही स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होती. तिचा थिंकजेट प्रिंटर १९८४ मध्ये बाजारात आला.

पिझोची गोष्ट त्याहून जुनी आहे. काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज तयार होते, हे फ्रान्समधल्या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. उलटही होतं: वीज दिली की स्फटिक किंचित आकार बदलतो. एप्सनने १९९३ मध्ये स्टायलस ८०० या प्रिंटरमध्ये आपलं मायक्रो पिझो हेड आणलं आणि ही पद्धत घराघरात पोचली.

थर्मल हेड: क्षणभर पेटणारी शेगडी

थर्मल हेडमध्ये प्रत्येक नोझलमागे एक बारीक रेझिस्टर असतो. त्याला एक-दोन मायक्रोसेकंद करंट दिला की त्याचा पृष्ठभाग ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. त्याला चिकटलेल्या शाईच्या पातळ थराची एका झटक्यात वाफ होते, बुडबुडा फुगतो आणि समोरचा थेंब बाहेर ढकलला जातो. बुडबुडा विरला की जागा भरायला टाकीतून नवी शाई येते.

हिशोब करून बघू. समजा रेझिस्टर ३० ओहमचा आहे आणि व्होल्टेज १२. करंट झाला ०.४ अँपिअर आणि पॉवर ४.८ वॅट. पण ती फक्त २ मायक्रोसेकंद, म्हणजे ऊर्जा जेमतेम ९.६ मायक्रोज्यूल. इतकीशीच ऊर्जा, पण टाचणीच्या टोकाहून लहान जागेत.

आता असे ३०० नोझल एकदम पेटवले तर? ३०० गुणिले ०.४ म्हणजे १२० अँपिअर! वेल्डिंग मशीनचा करंट झाला हा. शिवाय प्रत्येक रेझिस्टरला वेगळी वायर द्यायची तर कार्ट्रिजवर ३०० संपर्कबिंदू लागतील.

आपल्याकडे ठिबकचा बाग कसा भिजवतात? मोटर सगळ्या बागेला एकदम पुरत नाही, म्हणून व्हॉल्व्ह लावून एकेक भाग भिजवायचा. इथेही तेच करतात. एचपीचं ४५ नंबरचं कार्ट्रिज घ्या. त्यात ३०० नोझल आहेत. त्यांचे १४ गट केलेत आणि गटातल्या नोझलला २२ पत्त्यांपैकी एक दिलाय. गटाची लाइन आणि पत्त्याची लाइन दोन्ही चालू असतील तरच तो नोझल पेटतो. ३०० वायरींचं काम १४ अधिक २२, म्हणजे ३६ सिग्नलांवर येतं. एका वेळी एकच पत्ता चालू असल्याने जास्तीत जास्त १४ नोझल एकदम पेटतात. आपल्या हिशोबाने ५.६ अँपिअर. हे झेपतं.

या जातीचं कार्ट्रिज कागदाच्या प्रिंटरपुरतं राहिलेलं नाही. खोक्यांवर आणि पाकिटांवर बॅच नंबर, तारीख छापणाऱ्या हातातल्या मशिनांतही तेच वापरतात.

थर्मलमध्ये पल्सची लांबी फार जपावी लागते. पल्स कमी पडला तर थेंब सुटत नाही. जास्त झाला तर शाई रेझिस्टरवर करपून थर बसतो, दुधाच्या भांड्याच्या बुडासारखा. मग उष्णता शाईपर्यंत पोचत नाही आणि छपाई फिकट पडते. एखादा ट्रान्झिस्टर चालू स्थितीतच अडकला तर रेझिस्टर जळूनच जातो.

पिझो हेड: इथे उष्णता नाही, आकार बदलतो

पिझो हेडमध्ये शाईच्या प्रत्येक कप्प्याला पिझो पदार्थाचा तुकडा चिकटलेला असतो. व्होल्टेज बदललं की तो हलतो आणि कप्पा लहान-मोठा होतो. डॉक्टर सिरिंजचा दट्ट्या आधी थोडा ओढतात आणि मग दाबतात, तसंच.

इलेक्ट्रॉनिक्सच्या नजरेने पिझो म्हणजे कॅपॅसिटर. रेझिस्टरसारखा तो सतत करंट घेत नाही. व्होल्टेज बदलत असतं तेवढाच वेळ करंट वाहतो, व्होल्टेज स्थिर झालं की करंट थांबतो.

त्यामुळे पिझोला नुसतं चालू-बंद करून भागत नाही. व्होल्टेजचा आलेख ठरलेल्या आकाराचा लागतो. सर्वसाधारणपणे तो असा असतो:

१. व्होल्टेज मधल्या पातळीवर, सगळं शांत.
२. व्होल्टेज हळू सरकवायचं. कप्पा मोठा होतो आणि शाई आत ओढली जाते.
३. काही मायक्रोसेकंद तसंच धरून ठेवायचं. आत निघालेली दाबाची लाट फिरून यायला तेवढा वेळ लागतो.
४. उलट दिशेने झटका. लाट आणि झटका एकत्र येतात, थेंब सुटतो.
५. पुन्हा मधल्या पातळीवर, आणि उरलेली हालचाल शमवणारा छोटा पल्स.

झोका देताना जसं असतं तसंच. झोका परत आल्या क्षणी हात लावला तर थोड्या जोरात उंच जातो, चुकीच्या वेळी लावला तर थांबतो.

हा आलेख तयार कुठे होतो?

मेन बोर्डवर. आलेखाचे आकडे मेमरीत असतात. डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर त्यांचं लहान व्होल्टेज करतो. ते वाढवून ४० व्होल्टच्या आसपास न्यायचं काम ट्रान्झिस्टरची एक जोडी करते. एक एनपीएन, एक पीएनपी. पहिला पिझोत चार्ज भरतो, दुसरा तो काढून घेतो.

पुन्हा हिशोब. समजा एका नोझलचा पिझो १ नॅनोफॅरडचा, आणि १८० नोझल एकदम चालू. एकूण १८० नॅनोफॅरड. ३ मायक्रोसेकंदांत ३० व्होल्टने चढायचं तर करंट लागतो १.८ अँपिअर. म्हणूनच या जोडीला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावलेली असते आणि भरगच्च फोटो छापताना ती गरम लागते.

सगळ्या नोझलना आलेख एकच जातो. मग कोणता नोझल थेंब टाकणार हे कसं ठरतं? पाटाच्या पाण्याची पद्धत आठवा. पाटात पाणी सगळ्यांसाठी येतं, ज्या वाफ्याचं दार उघडं तोच भिजतो. हेडमध्ये बसवलेल्या चिपमध्ये प्रत्येक नोझलसाठी असं एक दार, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच असतो.

दारं उघडायचा निरोप बोर्डाकडून एकेक बिट करत येतो. चिपमधलं शिफ्ट रजिस्टर ते बिट ओळीत उभे करतं. ओळ पूर्ण झाली की लॅचचा सिग्नल येतो आणि सगळी दारं एकदम ठरल्या जागी जातात. प्रत्येक नोझलला दोन बिट दिले तर चार पर्याय मिळतात: थेंब नाही, लहान, मध्यम, मोठा. "थेंब नाही" असलेल्या नोझललाही अनेकदा अगदी छोटा हेलकावा देतात, थेंब न सुटण्याइतका. त्यामुळे तोंडाशी शाई वाळत नाही.

आपल्या उन्हाळ्याचा संबंध

शाई तापली की पातळ होते. तोच धक्का दिला तर थेंब मोठा पडतो आणि बारीक तुषार उडतात. थंडीत उलट. म्हणून हेडजवळ तापमान मोजणारा थर्मिस्टर असतो आणि त्यानुसार आलेखाचं व्होल्टेज कमी-जास्त केलं जातं. खानदेशातल्या मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात दुपारी छपाई बिघडते आणि सकाळी नीट येते, तेव्हा शाईला दोष देण्याआधी हे लक्षात घ्या.

फ्लेक्सच्या मशीनमध्ये काय वेगळं?

तिथेही बहुतेक पिझोच. पण अनेक औद्योगिक हेडमध्ये शेजारच्या दोन कप्प्यांची भिंत एकच असते आणि तीच पिझोची असते. इंग्लंडच्या झार कंपनीने हा प्रकार पुढे आणला. चाळीतल्या खोल्यांसारखं: एका खोलीची भिंत हलली की शेजाऱ्यालाही कळतं. त्यामुळे लगतचे नोझल एकदम मारता येत नाहीत. तीन गट करून आळीपाळीने मारतात आणि सर्किटचं वेळापत्रकही त्याप्रमाणे बांधतात.

मग माझे दोन बोर्ड का उडाले?

माझा प्रिंटर पिझोचा. मे महिनाभर दुकान बंद होतं, नोझल वाळले. मी वरून सिरिंजने क्लीनिंग लिक्विड सोडलं. थोडं ओघळून हेडच्या चपट्या वायरच्या सॉकेटमध्ये गेलं. त्या वायरीत ४० व्होल्टची लाइन आणि ३.३ व्होल्टची डेटाची लाइन मिलिमीटरभर अंतराने शेजारी असतात. शाई आणि पाण्यातून वीज वाहते. मी बटण दाबलं, ४० व्होल्ट नको तिथे शिरलं. हेडची चिप शॉर्ट, बोर्डावरची ट्रान्झिस्टरची जोडी शॉर्ट, फ्यूज उडालेला.

दुसरी चूक जास्त महाग पडली. मी जुन्या बाजारातून दुसरा बोर्ड आणला आणि त्याच हेडला जोडला. हेड आतून शॉर्टच होतं. नवा बोर्डही दोन सेकंदांत गेला. शहाद्याचे मिस्त्री एवढंच म्हणाले, "भाऊ, बोर्ड बदलायच्या आधी हेड मोजायचं असतं." त्या एका वाक्याची किंमत मला दोन बोर्डांएवढी पडली.

आता मी काय करतो

- हेड किंवा वायर काढण्याआधी प्लग काढतो आणि काही मिनिटं थांबतो. लाइट गेली तरी बोर्डावरच्या कॅपॅसिटरमध्ये ४० व्होल्ट काही वेळ शिल्लक असतात.
- सॉकेट ओलं वाटलं तर पूर्ण सुकेपर्यंत, गरज पडली तर रात्रभर, प्रिंटर चालू करत नाही.
- चपटी वायर तिरकी बसलेली नाही ना, टोकांवर काळे डाग नाहीत ना, हे भिंगातून बघतो.
- मल्टिमीटरने आधी फ्यूज, मग ट्रान्झिस्टरची जोडी डायोड मोडवर तपासतो. दोन्ही दिशांना शून्याजवळ आकडा आला तर तो गेला.
- हेडच्या बाजूने आलेखाची लाइन आणि ग्राउंड यांच्यात मोजतो. शून्याजवळ ओहम दिसले तर ते हेड कोणत्याही चांगल्या बोर्डाला लावत नाही.
- उडालेल्या फ्यूजच्या जागी वायरचा तुकडा टाकत नाही. फ्यूज उडतो तो काहीतरी वाचवण्यासाठी.
- आठवड्यातून एकदा तरी रंगीत पान काढतो, म्हणजे सिरिंज हातात घ्यायची वेळच येत नाही.

थोडक्यात: थर्मल हेडला मोजून करंट लागतो, पिझो हेडला मोजून व्होल्टेजचा आकार लागतो, आणि दोन्हीत नोझलची निवड डेटा करतो. बिघाड शोधताना याच क्रमाने जा: सप्लाय, ड्रायव्हर, वायर, हेड. आणि नवा भाग जोडण्याआधी जुन्या भागाला मीटर लावा. या जूनमध्ये दुकानातून कुणालाही एका पानासाठी शहाद्याला पाठवावं लागलेलं नाही.