हद्दीच्या भिंतीचा वाद (शाहूपुरी, कोल्हापूर)

शेजारच्या दोन मिळकतींमधील भिंत कोणाच्या जागेत उभी आहे, ती एकाची आहे की सामाईक, आणि ती पाडण्याचा वा नव्याने बांधण्याचा अधिकार कोणाला आहे, यांविषयीच्या तंट्यास हद्दीच्या भिंतीचा वाद म्हणतात. दाट व्यापारी वस्तीत दर्शनी बाजूची चार-सहा इंच जागाही मोलाची असल्याने तेथे हे वाद विशेष चिवट ठरतात.

पार्श्वभूमी

कोल्हापूर–मिरज लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. त्यानंतर राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी रेल्वे स्थानकालगत शाहूपुरी ही पेठ वसवली. तिची रचना समांतर गल्ल्यांची असून दुकाने व गोदामे एकमेकांना लागून आहेत. अशा पेठेत जुन्या इमारतीची जाड भिंत उतरवून तिच्या जागी नऊ इंची विटांची भिंत बांधली जाते, तेव्हा उरलेली पट्टी कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक तंट्यांचे मूळ या पट्टीत असते. भिंत हे केवळ निमित्त होय.

अभिलेख व मोजणी

शहरी मिळकतींचे भूमापन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२६ नुसार होते. प्रत्येक मिळकतीस नगर भूमापन क्रमांक (सि.स.नं.) असून तिची मिळकत पत्रिका व नकाशा नगर भूमापन कार्यालयात मिळतो. शाहूपुरीतील मिळकती ई वॉर्डात मोडतात. खरेदीखतातील चतुःसीमा आणि नकाशातील मापे यांत फरक आढळल्यास तो आधी समजून घ्यावा लागतो. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यापूर्वीचे कागद मोडी लिपीत असल्यास त्यांचे लिप्यंतर करून घ्यावे लागते.

हद्द कायम मोजणीसाठी भूमी अभिलेख विभागाकडे अर्ज केला जातो. मोजणीपूर्वी लगतच्या धारकांना नोटीस जाते. ती मिळूनही गैरहजर राहणारा शेजारी पुढे मोजणीलाच आव्हान देतो, हे नित्याचे आहे. म्हणून नोटीस पोचल्याचा पुरावा जपणे महत्त्वाचे असते. मोजणीनंतर खुणा दर्शवणारा नकाशा, म्हणजे ‘क’ प्रत, मिळते. तिच्यावर हरकत असल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी करून घेता येते. मोजणी रेषा दाखवते. मालकीच्या वादाचा निर्णय मात्र दिवाणी न्यायालय देते. महानगरपालिकेच्या बांधकाम परवानगीनेही मालकी सिद्ध होत नाही. हा भेद न जाणल्यामुळे अनेक पक्षकार परवानगीचा कागद मालकीहक्काचा दाखला म्हणून पुढे करतात.

न्यायालयीन उपाय

दोन्ही मिळकती व्यापारी असल्या तरी हा वाद सहसा वाणिज्यिक न्यायालय अधिनियम, २०१५ खाली येत नाही. त्या कायद्यातील संबंधित तरतूद व्यापारासाठीच वापरल्या जाणाऱ्या स्थावर मिळकतीविषयीच्या करारांपुरती आहे, आणि शेजाऱ्यांमध्ये असा करार क्वचितच असतो. त्यामुळे सामान्य दिवाणी दावा दाखल करावा लागतो.

बांधकाम सुरू होत असतानाच दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ३९ खाली तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. भिंत पूर्ण झाल्यावर ती पाडण्यासाठी विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३९ नुसार आज्ञार्थी हुकूम मागावा लागतो. मात्र शेजारी बांधत असताना स्वस्थ बसलेल्यास न्यायालय हुकूमाऐवजी नुकसानभरपाईही देऊ शकते. शेजाऱ्याने बळजबरीने ताबा घेतल्यास कलम ६ नुसार सहा महिन्यांच्या आत दावा करून, मालकी सिद्ध न करताही, ताबा परत मिळवता येतो. हे कलम भाडेकरू दुकानदारासही उपयोगी पडते.

आदेश २६, नियम ९ खाली न्यायालय स्थळपाहणीसाठी कोर्ट कमिशनर नेमते. सीमांकनाच्या वादात अशी नेमणूक योग्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने हरियाणा वक्फ बोर्ड विरुद्ध शांति सरूप (२००८) या प्रकरणात म्हटले आहे. विलंबाचा दुसरा धोका मुदतीचा आहे. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६५ नुसार, प्रतिकूल कब्जा सुरू झाल्यापासून बारा वर्षांत मालकाने दावा न केल्यास त्याचा हक्क संपू शकतो. खिडकीतून येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा प्रश्न वेगळा. वीस वर्षांच्या अखंड उपभोगाने मिळणारा तो सुविधाधिकार भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ खाली येतो.

भिंतीवरून हाणामारीचा संभव निर्माण झाल्यास कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १६४ खाली कार्यवाही करू शकतात. तिच्यात प्रत्यक्ष ताबा कोणाचा, एवढेच पाहिले जाते.

तडजोड

संहितेच्या कलम ८९ नुसार न्यायालय वाद मध्यस्थीकडे वा लोकअदालतीकडे पाठवू शकते. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखा असून त्यावर अपील नसते आणि भरलेले न्यायशुल्क परत मिळते. व्यवहारात टिकणाऱ्या तडजोडीत संयुक्त मोजणीची रेषा, भिंतीची जाडी व उंची, खर्चाची वाटणी, पावसाच्या पाण्याचा निचरा आणि बांधकामाच्या काळात शेजारच्या जागेत शिरण्याची मुभा, हे सर्व लिहिलेले असते. पाण्याच्या निचऱ्याचे कलम वगळले गेल्यास पावसाळ्यात ओल शेजारच्या गोदामात उतरते आणि तोच वाद नव्या नावाने सुरू होतो.

मान्य झालेल्या रेषेमुळे जागेचा काही भाग एकाकडून दुसऱ्याकडे जात असेल व त्याचे मूल्य शंभर रुपये वा अधिक असेल, तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार दस्त नोंदवावा लागतो. दाव्यातील मिळकतीपुरत्या मर्यादित तडजोड हुकूमनाम्यास या अटीतून सूट आहे. त्यानंतर मिळकत पत्रिकेत फेरफार नोंदवून घ्यावा लागतो. तो न झाल्यास पुढील खरेदीदारास जुनेच क्षेत्र दिसत राहते.