बधिर हात, जळती पावले : चंद्रपूर-गडचिरोलीतील नसांच्या दुखण्याचा इतिहास

१/
कुष्ठरोगात हातापायांची बोटे ‘झडतात’, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. वास्तविक या रोगाचा जंतू बोट खात नाही. तो नसेत घर करतो. नस निकामी झाली की त्या भागाला चटका, काटा, दगड यांपैकी काहीच कळेनासे होते, आणि पुढची हानी चूल, कुऱ्हाड व वहाणेतला खिळा करतात. पूर्व विदर्भाच्या अरण्यपट्ट्यात या रोगाचा वावर फार जुना आहे व आजही तो ओसरलेला नाही. या धाग्यात त्या रोगाच्या एकाच अंगाचा इतिहास पाहू : नसांचे दुखणे, आणि नसांचे न दुखणे.

२/
आधी थोडे शरीरशास्त्र, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर उभा आहे. या जंतूला थंडावा मानवतो. शरीराच्या आतल्या ऊबेपेक्षा काही अंश कमी तापमानात तो वाढतो. म्हणून तो कातडीत आणि कातडीलगतच्या नसांत राहतो : कोपरामागची नस, मनगटाजवळची, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाची, घोट्यामागची, चेहऱ्याची. कोपर कशाला आपटले की करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते, ती यांपैकी पहिल्या नसेची. ती गेली की करंगळी व अनामिका आत वळतात. गुडघ्याजवळची गेली की पाऊल लोंबते आणि चालताना घासते. घोट्यामागची गेली की तळवा बधिर होतो.

३/
बधिरता हे या रोगाचे लक्षण आहे, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या वर्णनात स्पर्श न कळण्याचा उल्लेख आहे आणि तुवरक तेलाचा उपचारही आहे. याच कुळातल्या झाडांचे चौलमुग्रा तेल इंग्रजी अमदानीत सुईवाटे दिले जाई. ती सुई इतकी दुखे की अनेक रुग्ण पुन्हा फिरकत नसत. १८७३ साली नॉर्वेतील हान्सेन यांनी जंतू शोधला, तरी त्यावर खात्रीचे औषध यायला आणखी सत्तर वर्षे लागली. दरम्यान सरकारने आपल्या परीने एक उपाय योजला : १८९८ चा कायदा, ज्यान्वये भिक्षा मागणाऱ्या रुग्णाला पकडून आश्रमात डांबता येत असे.

४/
विदर्भात या कामाची परंपरा वर्ध्यातून सुरू होते. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठधाम काढले. सेवाग्रामात परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः धूत, अंगाला मालीश करीत. हे चित्र आपण शाळेत पाहिलेले असते. पण त्यात एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही : अशा शरीराच्या एका भागाला तो हात जाणवत असेल आणि दुसऱ्याला मुळीच जाणवत नसेल.

५/
वरोऱ्याचे वकील मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा, यांची कथा सर्वश्रुत आहे. मैल्याच्या पाट्या वाहण्याच्या कामात असताना पावसाळी रात्री गटारालगत पडलेला तुळशीराम त्यांना दिसला. ते घाबरून पळाले, मग परतले आणि त्याची सेवा करू लागले. पुढे त्यांनी दत्तपूरला काम पाहिले, कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत शिक्षण घेतले आणि तेथे जंतूच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले. तो प्रयोग यशस्वी झाला नाही. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि १९५१ साली विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. सहा रुग्ण, एक लंगडी गाय, चौदा रुपये आणि सरकारने दिलेली पन्नास एकर दगडाळ, झुडपी जमीन, एवढेच भांडवल होते.

६/
आता त्या जमिनीवरचा पहिला दिवस नसांच्या बाजूने पाहा. विहीर खणायची आहे. हातात सब्बल आहे, पण हाताला सब्बलीची धार कळत नाही. निरोगी माणसाला दांडा टोचू लागला की तो नकळत पकड बदलतो, फोड येण्याआधी थांबतो. बधिर हात थांबत नाही. किती जोर लावला हेही त्याला कळत नसल्याने तो गरजेपेक्षा अधिक घट्ट धरतो. संध्याकाळी मूठ उघडली की फोड फुटलेला दिसतो. दिसतो म्हणजे डोळ्यांनी दिसतो, इतकेच.

७/
म्हणून आनंदवनाच्या श्रमाच्या आग्रहाकडे मी दोन नजरांनी पाहतो. वैद्यकाचा त्या काळचा कल रुग्णाला विश्रांती देण्याकडे आणि जपण्याकडे होता. बाबांचे म्हणणे असे की दानावर जगणारा माणूस जखम भरली तरी बरा होत नाही. मला हे म्हणणे खरे वाटते. परंतु बधिर हाताने केलेल्या श्रमाला देहाकडून किंमत मोजावी लागते, हेही तितकेच खरे. आनंदवनाने पुढे शेतीखेरीज हातमाग, छपाई, पत्र्याचे काम, अपंगांच्या सायकली असे उद्योग उभारले, १९६७ नंतर मूल तालुक्यात सोमनाथला मोठी शेती केली. त्या सर्वांमागे हा प्रश्न उभा होता : न कळणाऱ्या हाताने काम कसे करावे?

८/
त्याचे शास्त्रीय उत्तर त्याच सुमारास दक्षिणेत, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शोधले जात होते. शल्यविशारद पॉल ब्रँड १९४६ मध्ये भारतात आले. तोवर डॉक्टरांचीही समजूत अशी की कुष्ठरुग्णाचे मांसच ‘वाईट’ असते, त्यावर शस्त्रक्रिया केली तर भरून येणार नाही. ब्रँड यांनी पाहिले की ते छान भरते. मग जखमा येतात कुठून? त्यांनी लिहून ठेवलेली एक हकीकत बोलकी आहे. गंजलेले कुलूप त्यांना उघडेना, तेव्हा एका अशक्त मुलाने पुढे होऊन किल्ली फिरवली आणि कुलूप उघडले. मुलाचे बोट हाडापर्यंत कापले गेले होते, आणि त्याला पत्ताच नव्हता.

९/
रात्रीत बोटाचा तुकडा नाहीसा होतो, ही तक्रार तर भुताटकीसारखी वाटे. पहारा ठेवल्यावर कळले की झोपलेल्या माणसाची बोटे उंदीर कुरतडत होते. यावर इलाज निघाला तो मांजर पाळण्याचा. वैद्यकाच्या इतिहासात इतका स्वस्त आणि इतका अचूक इलाज क्वचितच सापडेल.

१०/
वेल्लोरला चांगल्या स्नायूची दोरी वळवून बोटे सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. पायासाठी मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या, म्हणजे एमसीआर चपला आल्या. तळव्यावरचा दाब वाटून घेणाऱ्या या चपला आजही कुष्ठरोग कार्यक्रमातून मोफत मिळतात. ब्रँड पुढे १९६६ मध्ये अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तेथे हीच विद्या मधुमेहाने बधिर झालेल्या पायांना लागू झाली. आज शहरातल्या दवाखान्यात मधुमेही माणसाच्या तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवून ‘कळते का?’ असे विचारतात. त्या पद्धतीला रूळवण्यात कार्व्हिलचा मोठा वाटा आहे.

११/
पण वेल्लोरची चप्पल गडचिरोलीच्या बांधीत कशी टिकणार? हा प्रश्न कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. हा धानाचा मुलूख आहे. रोवणीच्या दिवसांत माणूस सकाळपासून सायंकाळपर्यंत अनवाणी चिखलात उभा असतो. चैत्रात मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, तोही अशा उन्हात की चंद्रपूरचे तापमान देशभरच्या बातम्यांत येते. तापलेल्या खडकावर बधिर तळवा भाजतो आणि फोड आल्याचे घरी आल्यावर कळते. हिवाळ्यात शेकोटीशी पाय जवळ जातो. चिखलात रुतलेला बाभळीचा काटा दोन दिवसांनी, पाय सुजल्यावर सापडतो.

१२/
म्हणून येथला सांभाळ हा औषधापेक्षा दिनक्रमाचा भाग झाला. रोज वीसेक मिनिटे पाय साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे, घट्टे दगडाने हलके घासायचे, ओल्या कातडीवर तेल लावायचे म्हणजे भेगा पडत नाहीत. निजण्यापूर्वी तळवा पाहायचा, वाकता येत नसेल तर आरशात किंवा घरच्या माणसाकडून. हाताने पाण्याची ऊब जोखायची नाही. कोपराने, किंवा ज्याला कळते त्याने जोखावी. पातेले फडक्याने धरायचे, अवजाराच्या दांड्याला जाड कापड गुंडाळायचे, लांब ढांगा टाकायच्या नाहीत. यात काही थोर नाही. मात्र हे आयुष्यभर, एकही दिवस न चुकता करायचे असते, आणि जे दुखत नाही त्याची रोज आठवण ठेवणे मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध आहे.

१३/
आतापर्यंत न दुखण्याविषयी लिहिले. आता दुखण्याकडे येऊ. या रोगात शरीराची प्रतिकारशक्ती अकस्मात खवळते. त्या उद्रेकात नस सुजते, कोपरामागे दोरखंडासारखी हाताला लागते आणि असह्य ठणकते. हे उपचार चालू असताना होऊ शकते, उपचार संपल्यावरही. रुग्णाला वाटते की गोळ्यांनीच घात केला आणि तो गोळ्या सोडून देतो. कधी याच्या उलट घडते : नस गाजावाजा न करता मरते, कुठेच दुखत नाही, फक्त एके दिवशी सदऱ्याची गुंडी लावता येत नाही.

१४/
या सुजेवर प्रेडनिसोलोन हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने, मात्रा हळूहळू उतरवत दिले जाते. पण ते वेळेत मिळावे लागते. साधारण सहा महिन्यांच्या आत मिळाले तर गेलेली शक्ती परतण्याची आशा असते; त्यानंतर ती मावळत जाते. येथे भूगोल आडवा येतो. २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे माडिया गोंडांमध्ये राहू लागले, तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला. पावसाळ्यात तेथून बाहेर पडणे अशक्यप्राय असे. पर्लकोटेला पूर आला की भामरागड आजही तुटते. नसेला मिळालेल्या सहा महिन्यांतला मोठा हिस्सा तेथे पावसाळाच घेऊन जातो.

१५/
बाबा आमट्यांच्या स्वतःच्या शरीराचीही एक गोष्ट आहे, तिचा कुष्ठरोगाशी संबंध नाही. पाठीच्या मणक्यांच्या झिजेमुळे त्यांना कित्येक वर्षे बसता येत नव्हते. उभे राहायचे किंवा आडवे पडायचे, एवढेच शक्य होते. परदेशात शस्त्रक्रिया झाल्या, गळ्याला पट्टा आला. १९८५ साली एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रा सुरू केली, ती याच अवस्थेत, गाडीत आडवे पडून. लोकांनी त्यात तपश्चर्या पाहिली. मला त्यात सतत दुखणाऱ्या माणसाचे व्यवहारज्ञानही दिसते : शरीर जेवढी हालचाल देते तेवढ्यातच काम बसवणे.

१६/
औषधांची कथा थोडक्यात सांगता येईल. १९४० च्या दशकात डॅप्सोन आले; ते वर्षानुवर्षे घ्यावे लागे आणि काही काळाने जंतू त्याला दाद देईनासे झाले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा बहुविध उपचार सुचवला. तो पुढे सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होऊ लागला. हे यश अफाट होते. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आल्याचे जाहीर झाले. चंद्रपूर व गडचिरोलीला मात्र त्या सरासरीने दिलासा दिला नाही. तेथे नवे रुग्ण सापडत राहिले.

१७/
आणि येथेच या इतिहासातली मोठी चूक दडलेली आहे, असे मला वाटते. कार्यक्रमाने जंतू मोजले. गोळ्यांचे शेवटचे पाकीट संपले की नाव ‘उपचारमुक्त’ म्हणून नोंदवहीतून उतरले. जंतू मेला हे खरेच होते. परंतु मेलेला जंतू नस परत करत नाही. इजा झालेली नस कधी गप्प बसते, कधी कारणाविना संदेश पाठवीत राहते. मग बधिर तळवाच रात्री निखाऱ्यासारखा जळतो, विजेचा झटका बसल्यासारख्या कळा येतात, अंगावरची चादर सोसवत नाही. ज्याला सुई टोचलेली कळत नाही तो ‘दुखते’ म्हणाला तर त्यावर कोण विश्वास ठेवणार? घरचे नाही, आणि पुष्कळदा दवाखान्यातलेही नाही.

१८/
या वेदनेकडे संशोधकांचे लक्ष वळले ते अलीकडे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका पाहणीत उपचार झालेल्या १०१ जणांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याला अशी नसांची वेदना आढळली. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या तिच्यावर फारशा चालत नाहीत. अमिट्रिप्टिलीन, गॅबापेन्टिन यांसारखी, मूळची उदासीनता किंवा फिटवरची औषधे कमी मात्रेत दिली जातात. त्यांनी काहींना आराम पडतो, काहींना नाही, आणि पूर्ण आराम थोड्यांनाच. गुंगी येते, म्हणून ती बहुधा रात्री घेतात. शेतमजुराला सकाळची गुंगी परवडत नाही.

१९/
कायद्यानेही वाट चालली. १८९८ चा तो कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. २०१९ मध्ये घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग वगळला गेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘कुष्ठमुक्त व्यक्ती’ची स्वतंत्र व्याख्या आहे. हातापायांची संवेदना गेलेली, पण उघड विकृती नसलेली व्यक्तीही तीत धरली आहे; विकृती असूनही काम करू शकणारी धरली आहे; विकृती व वार्धक्य यांमुळे काम न करू शकणारीही. जे जाणवत नाही त्याची नोंद कायद्याने घेतली. रात्री जे जळते, त्यासाठी त्या व्याख्येत एकही शब्द नाही.