मावळत्याला नमस्कार

उगवत्या सूर्याला नमस्कार करावा, अशी जगाची रीत आहे. फोटो काढणारी मंडळी तेवढी मावळत्याला नमस्कार करतात. यामागे मोठं तत्त्वज्ञान असल्याचं ती सांगतात. माझ्या मते कारण अगदी साधं आहे. उगवत्याला नमस्कार करायला पहाटे उठावं लागतं.

पण मावळत्याला नमस्कार करणं सोपं, असंही कोणी समजू नये. आज खिशात मावणारा, बटण दाबलं की झालं अशा जातीचा कॅमेरा घेऊन कोणीही चौपाटीवर उभा राहतो. पण या एका दृश्यापुढे फोटोग्राफीच्या शास्त्रानं साठ-पासष्ट वर्षं हात टेकले होते. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढायची युक्ती जगजाहीर झाली. मुंबईकरही मागे नव्हते. बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुरू झाली १८५३ साली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी त्या काळातले नाणावलेले फोटोग्राफर. कॅमेरा होता, हौस होती, समोर रोज संध्याकाळी फुकटात सूर्य बुडत होता. अडचण एवढीच, की काचेला लाल दिसत नव्हतं!

त्या वेळी फोटो काचेवर घेत. त्या काचेवरच्या रसायनाला निळं तेवढं झकास दिसे; लाल रंगाच्या बाबतीत ते ठार आंधळं. (डार्करूममध्ये लाल दिवा लावतात तो त्यामुळेच. आंधळ्यासमोर कितीही वावरा, त्याला पत्ता नाही.) आता अशा काचेसमोर सूर्यास्त मांडणं म्हणजे बहिऱ्यापुढे भैरवी. शिवाय आकाश उजळ आणि समुद्र काळोखा. समुद्र नीट यावा म्हणून काच जास्त वेळ उघडी ठेवली, की आकाशाचा पांढरा कागद होई. आकाश सांभाळावं तर समुद्राची शाई.

यावर तोड काढली गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फ्रेंच माणसानं, १८५६-५७ च्या सुमाराला. समुद्राची एक काच, आकाशाची दुसरी काच; छापताना दोन्ही क्षितिजाच्या रेघेवर जोडायच्या. लोक थक्क झाले. पुढे जाणकारांनी बारकाईनं पाहिलं, तर त्याच्या वेगवेगळ्या समुद्रांवर तेच ते ढग! आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं, तर एकच जामीनदार दोन कर्जांना उभा. आमच्याकडे हे पकडायला इन्स्पेक्शन येतं, कलेत त्याला प्रतिभा म्हणतात. एवढं करून बिचारा धंद्यात बुडालाच. १८६० साली पॅरिस सोडलं ते कायमचं. पुढे कैरोत चित्रकला शिकवत राहिला आणि १८८४ साली तिथेच वारला. १९९९ साली त्याच्या एका लाटेचा फोटो लंडनच्या लिलावात पाच लाख पौंडांच्या वर गेला. तारण उत्तम होतं, पण ते वटायला दीडशे वर्षं लागणार हे कुठल्या बँकेनं ओळखलं असतं?

तो वारला त्याच्या आदल्याच वर्षी, ऑगस्ट १८८३ मध्ये, क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला. त्याची बारीक धूळ वर चढून जगभर पसरली आणि महिनोन्‌महिने असे भडक सूर्यास्त झाले, की अमेरिकेत काही गावांत आग लागली म्हणून बंब धावले. इतका लाल मुलूख आणि कॅमेरे लालाला आंधळे! शेवटी लंडनमध्ये विल्यम अ‍ॅस्क्रॉफ्ट हा चित्रकार चेल्सीला थेम्सच्या काठावर रंगीत खडू घेऊन बसला. सूर्य बुडायच्या सुमारास, थोड्या थोड्या मिनिटांनी एकेक चित्र. अशी पाचशेच्या वर काढली. खातेवहीत नोंदी कराव्यात तसा हा माणूस आकाश उतरवून घेत होता. मला तर तो कलावंतापेक्षा आमच्यातलाच वाटतो.

पुढे फोगल नावाच्या जर्मन प्राध्यापकानं १८७३ साली शोधलेल्या रंगांच्या युक्तीतून, विसाव्या शतकाच्या तोंडाशी, बाजारातल्या काचांना लाल दिसू लागलं. १९३५ साली कोडॅक्रोम आली. पण हे सगळं साहेबाघरी. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या हाती जो कॅमेरा आला तो आग्फा क्लिक थ्री. काळा डबा, एका रोलमध्ये बारा फोटो. प्रकाशासाठी दोन चित्रं, ऊन आणि ढग. संध्याकाळ नावाची सोय त्यात नव्हती. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढावा, हा त्या काळचा घरोघरचा पहिला धडा. म्हणजे सूर्यास्ताचा फोटो काढायचा तर पूर्वेकडे तोंड करून!

हा धडा आमच्या वडिलांनी १९८६ च्या मे महिन्यात, दापोलीजवळच्या मुरूडला धुडकावला. रोलमधला बारावा फोटो उरला होता. आजीला वाळूत उभं केलं, मागे मावळता सूर्य घेतला आणि क्लिक. रोल धुऊन आला. सूर्य खसखशीच्या दाण्याएवढा, आणि त्याच्या शेजारी आजी नखशिखांत काळी. आजीनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"अरे, यात मी कुठाय? माझ्या जागी खांब उभा केलायस."

"आई, मागे सूर्य बघ ना किती छान आलाय!"

"सूर्य मला रोज दिसतो."

यावर अपील नव्हतं. वडिलांनी ते कायम बोलून घेतलं. आजी गेल्यावर भिंतीवर लागला तो स्टुडिओतला फोटो, भुवया कोरून गाल गुळगुळीत केलेला. ती बाई आमच्यापैकी कोणाच्याच ओळखीची नाही. खांबाचा फोटो मात्र मी ठेवलाय. नऊवारीचा काष्टा, किंचित पुढे झुकलेली मान, वाऱ्यानं सुटलेली एक बट. चेहरा नाही, पण माणूस ओळखायला येतं. आज छायाचित्रणाची पुस्तकं हेच सांगतात, की सूर्यासमोर एखादी काळी आकृती घ्या.

खिशातल्या आजच्या डिजिटल कॅमेऱ्याची तऱ्हा वेगळी. तो फार हुशार. समोर उजेड कमी आहे असं त्याला वाटलं, की आपण होऊन फ्लॅश उडवतो. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आणि या फ्लॅशचा पल्ला तीन मीटर! आकाश जास्त लाल दिसलं तर ती चूक समजून दुरुस्त करतो, सगळ्याची सरासरी काढतो, आणि सूर्यास्ताची दुपार करून हातात देतो. तेव्हा पहिल्यांदा फ्लॅश बंद करायचा. मग सूर्याकडे नव्हे, शेजारच्या आकाशाकडे रोखून बटण अर्धं दाबायचं, तसंच धरून कॅमेरा जागेवर आणायचा. अधिक-उणे लिहिलेलं बटण असतं, ते उणे एकवर न्यायचं. (उणे आकड्यानं फायदा होणारं मला माहीत असलेलं हे एकमेव खातं.) आणि रंगाच्या सोयीत 'ढगाळ' निवडायचं. आकाश निरभ्र असताना ढग आहेत असं सांगायचं, हे खोटं प्रतिज्ञापत्रच. पण ते दिल्याशिवाय यंत्र लाल रंग मंजूर करत नाही.

हे सारं करायला वेळ किती? आपल्याकडे सूर्य क्षितिजाला टेकल्यापासून गडप व्हायला जेमतेम सव्वादोन-अडीच मिनिटं. त्यातही गंमत अशी, की तो टेकलेला दिसतो तेव्हा खरा सूर्य खाली गेलेलाच असतो. हवेतून येताना किरण वाकतात म्हणून तो वर दिसतो. खात्यात शिल्लक नाही आणि चेक मात्र वटतोय, असा हा प्रकार. जगभर एवढ्या लोकांनी एवढे फोटो काढले, ते शिल्लक संपल्यानंतरचे.

सूर्य बुडाला, की चौपाटीवरची गर्दी उठते. उठू द्यावी. ढग असले तर रंग पुष्कळदा पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत चढतो. त्या उजेडात हात हलून फोटो बिघडतो, म्हणून कॅमेरा कठड्यावर ठेवायचा आणि आपोआप निघायची दहा सेकंदांची कळ लावायची. त्या दहा सेकंदांत हमखास कोणीतरी येऊन बरोब्बर समोर उभं राहतं. फुगेवाला असतो, फिरायला आलेल्या आजी असतात. मी त्यांना बाजूला व्हायला सांगत नाही.